मागची ऊब

मागची सीट रिकामी होती, तर दादा मागे जाऊन का नाही बसला?

धाकट्याने हे बर्फ काढणाऱ्या माणसांना विचारलं, पोलिसांना विचारलं, गाडी ओढून आणणाऱ्या क्रेनवाल्याला विचारलं. बर्फवाले म्हणाले, आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालूच होती; मागचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी ऊब आली, आणि पुढे तो बसलेला, दोन्ही हात काखेत घालून, लाकडासारखा. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं. क्रेनवाला म्हणाला, नशीब एकेकाचं. तेव्हा धाकट्याने त्याची कॉलर धरली आणि चार लोकांना मध्ये पडावं लागलं. डॉक्टर तेवढे नीट बोलले. थंडीत आधी माणसाची अक्कल गोठते, मग अंग, असं म्हणाले. पण दादाची अक्कल गोठणारी नव्हती. घरात अक्कल गहाण टाकलेला एकच होता, आणि तो म्हणजे धाकटा. हे खुद्द दादाच सगळ्यांना हसत सांगायचा.

दादा टॅक्सी चालवायचा. विजेवरची गाडी, पांढरी, आतून नेहमी पुसलेली. त्या संध्याकाळी त्याने वहिनीला फोन केला होता, की रस्त्यात एक पॅसेंजर भेटलंय, घाटापलीकडचं आहे, सोडून येतो, जेवून घ्या. मग बर्फ आला आणि घाट बंद झाला. पॅसेंजर कोण, ते कळलं नाही. कुणी हरवल्याची तक्रार आली नाही. बर्फ उकरून पाहिला, दरीत माणसं उतरवली, काही मिळालं नाही. शेवटी सगळे धरून चालले, की पॅसेंजर अलीकडेच कुठेतरी उतरलं असणार. मग हीटर मागे कुणासाठी चालू होता, हे विचारायला धाकटा एकटाच उरला.

हिवाळा सरत आला तेव्हा एका सकाळी वहिनी त्याच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात किल्ली होती.

"भावजी, गाडीचा हीटर तेवढा बघता का? पुढे नुसतं गार येतंय."

वहिनीला घाटापलीकडे, तिच्या बहिणीच्या गावी, दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम मिळालं होतं. ती ठकीला घेऊन जाणार होती. ठकी म्हणजे दादाची मुलगी. धाकट्याच्या पाठीवर बसून सगळं घर हिंडलेली. धाकट्याने आधी समजावलं, मग भांडून पाहिलं, मग दोन दिवस अबोला धरला. बसने जा म्हणाला. वहिनीने सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की तिकडे कामाला पहाटे पोचावं लागतं, बस नाही. आणि त्यांची गाडी विकून मी परक्याच्या दारात उभी करणार नाही. म्हणजे त्याच गाडीतून, त्याच घाटाने, लेकराला घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचं ठरलं होतं. धाकट्याला रडू आलं की राग यायचा. त्याने किल्ली हिसकावल्यासारखी घेतली आणि चप्पल घालायच्या आधीच बाहेर पडला.

शाळेशी त्याचं चौथीतच फाटलं होतं. तेव्हापासून तो मिस्त्रींच्या गॅरेजवर. मिस्त्री म्हणजे साठी उलटलेला, कान जरा जड झालेला, तोंडाचा फटकळ माणूस. विजेच्या गाड्यांवर त्यांचा राग होता. आजारी माणूस निदान कण्हतो तरी, ही बया मरेपर्यंत गप्प, असं ते म्हणायचे. तरी शिकले होते, आणि धाकट्यालाही शिकवलं होतं.

गाडी आत घेतल्यावर मिस्त्रींनी शटर थोडं खाली ओढलं, बाहेरचा वारा अडवला आणि स्टुलावर बसून म्हणाले, "सुरुवातीपासून बघ. आधी सोपं."

आधी सोपं म्हणजे हवेचा फिल्टर. काढला; काळाकुट्ट, चिंब. नवा घातला. मग हीटरमध्ये फिरणारं पाणी पाहिलं. पातळी बरोबर, पंप चालू. हीटर तापत होता. हात धरवत नव्हता. स्कॅनर लावला, तर एकही दोष दाखवला नाही. गाडीच्या मते गाडी ठणठणीत होती.

या गाडीत इंजिनाची ऊब नसते. जी ऊब लागते ती बॅटरीतून घ्यायची, आणि ऊब जास्त घेतली की गाडी कमी पळते. म्हणून तिला एक सोय दिलेली असते: ज्या सीटवर माणूस, त्याच सीटला गरम हवा. सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. माणूस बसला की स्क्रीनवर त्या जागी छोटं माणसाचं चित्र उमटतं, आतली झडप फिरते आणि त्या बाजूच्या जाळीतून हवा येते. रिकाम्या सीटची झडप बंद. दादा याच्याही पुढे गेलेला होता. तो स्वतःची जाळी हाताने बंद करून टाकायचा. पॅसेंजर गारठला तर पुन्हा बोलावणार नाही, आणि मी काय, दोन स्वेटर घालून बसतो, हे त्याचं तत्त्वज्ञान. वहिनी म्हणायची, गाडी घेतलीत की बर्फाची पेटी? त्यावर दादा तोंडात पेपरमिंटची गोळी टाकायचा आणि म्हणायचा, आतून गार ठेवलं की बाहेरचं लागत नाही.

जाळी उघडीच होती, म्हणजे दोष झडपेत होता. धाकट्याने डॅशबोर्डखालचा खण काढला, झडपेची छोटी मोटर काढली. झडप बोटाने सहज फिरत होती. नवी मोटर बसवली. चालकाच्या सीटवर बसून हीटर लावला. पुढे छान ऊब आली. त्याने मिस्त्रींकडे पाहून मान हलवली, आणि तेवढ्यात आत कुठेतरी हलकंसं झालं: टक्.

पुढची हवा थांबली. मागे, डाव्या बाजूला, कुणी उसासा टाकावा तशी गरम हवा सुटली.

स्क्रीनवर दोन माणसं होती. एक पुढे, तो स्वतः. एक मागे.

मिस्त्री स्टुलावरून उठले. मागचं दार उघडून त्यांनी सीटवर तळहात ठेवला, आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग तो पँटला पुसत म्हणाले, सेन्सरमध्ये बर्फाचं पाणी गेलं असेल. धाकट्याने सीट उचलली. खाली कोरडं ठणठणीत होतं. त्याने सेन्सरची वायर धरली आणि सोडवत बसण्याऐवजी हिसका देऊन उपटलीच. स्क्रीनवरचं मागचं माणूस गेलं. पुढे पुन्हा ऊब आली. दोघं बराच वेळ थांबले. ती तशीच राहिली.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "भूत वायरमध्ये होतं. जा आता, वहिनीला सांग."

पण शटर वर करताना त्यांनी पुन्हा मागच्या काचेकडे पाहिलं, आणि धाकट्याने ते पाहिलं.

दुपार होती. आभाळ पांढरं, कुठे सूर्य आहे ते कळू नये असं. तो घराच्या वळणापर्यंत आला. वायर खिशात होती. पुढच्या जाळीतून हवा हातांवर येत होती, आणि कितीतरी दिवसांनी त्याला जरा बरं वाटत होतं. सकाळी वहिनी निघेल, तिचे हात गारठणार नाहीत, एवढं तरी आपल्याकडून झालं, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं होतं.

टक्.

त्याने गाडी कडेला घेतली. स्क्रीनवर तो एकटाच होता. मागे कुणी नाही असं गाडी म्हणत होती, आणि मागेच गरम हवा सोडत होती. तिच्याबरोबर वास आला; शेकोटीपाशी ओली लोकर वाळत घातली की येतो तसा. त्याने आरशात पाहिलं. सीट रिकामी. पण तिच्या बाजूच्या काचेवर, आतून, ताटलीएवढा धुरकट डाग होता. तो लहान झाला. मग मोठा झाला. मग लहान झाला. घाई नव्हती त्याला. खूप वेळ बसून राहिलेलं माणूस श्वास घेतं, तसा.

एरवी धाकटा ओरडला असता, दार उघडून धावत सुटला असता. अंगात तेवढं बळच राहिलं नाही. तो बसून राहिला. आणि बसल्या बसल्या त्याला त्याच्या प्रश्नाचा अर्थ लागत गेला. उत्तर नव्हे, अर्थ. दादा मागे जाऊन बसला नाही, कारण पॅसेंजरच्या शेजारी जाऊन बसायची त्याची रीत नव्हती. दादाची रीत वेगळीच. गाडीत बसलेलं माणूस त्याने कधी अर्ध्यावर सोडलं नाही. घर आलं की स्वतः खाली उतरायचा, मागचं दार उघडून धरायचा आणि म्हणायचा, चला, आलं घर. म्हाताऱ्या बायका त्यासाठी त्याची वाट बघत थांबायच्या.

घर आलंच नव्हतं. चालक गेला, आणि पॅसेंजर तसंच बसून होतं. ओढून आणलेल्या गाडीत, अंगणातल्या गाडीत, सगळा हिवाळा. आणि सकाळी याच सीटवर ठकी बसणार होती.

त्याने आरशात बघायचं टाळलं. "तुम्हाला... कुठं जायचंय?" असं त्याने विचारलं. काच धुरकटली, निवळली. त्याने गाडी वळवली आणि घाटाची वाट धरली. घरी फोनही केला नाही.

घाटात बर्फ दोन्ही बाजूंना सारून ठेवलेला होता. मधला रस्ता काळा, ओला. चाकांच्या घासण्याशिवाय आवाज नव्हता. ही गाडी कण्हत नाही. चढ लागल्यावर पुढचा गारठा वाढत गेला. त्याने हीटर शेवटपर्यंत फिरवून पाहिला, सोय बंद करून पाहिली, सगळ्या सीटला हवा असं बटण दाबून पाहिलं. मागची हवा तेवढी वाढली. त्याच्या नाकातोंडातून वाफ निघत होती. बोटं बधिर झाली, तेव्हा एका सरळ रस्त्यावर त्याने एक हात काखेत घातला. आणि आपण कसे बसलोय ते ध्यानात येऊन पटकन काढला.

दादा सापडला ती जागा आली. दगडी कठडा, त्याला बांधलेल्या पोलिसांच्या पट्टीचं एक टोक अजून फडफडत होतं. धाकट्याने वेग कमी केला, थांबला नाही. मागे न बघताच बोलला.

"दादाला पुढं नेता आलं नाही तुम्हाला. त्याचा दोष नाही. मी त्याचा धाकटा भाऊ. मी सोडतो."

मागून काही आलं नाही. पण डाग लहान-मोठा होत होता तो थांबला. आणि धाकट्याला वाटलं, ऐकतंय.

घाट उतरला. पलीकडची गावं सुरू झाली. घर कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं. तो प्रत्येक फाट्यावर हळू व्हायचा, प्रत्येक दारापाशी जरा थांबायचा आणि कान देऊन ऐकायचा. पत्र्याची गोदामं गेली, एक बंद शाळा गेली. लोक दारातून बघायचे, की हा कुणाला शोधतोय. वस्ती संपली. मग शेताच्या कडेने जाणारा एक कच्चा रस्ता, आणि त्याच्या टोकाला एक फाटक. नुसतंच फाटक. आत घर नव्हतं. बर्फातून वर आलेल्या जोत्याच्या चार कडा होत्या, आणि एक पायरी.

टक्.

त्याच्या हातांवर ऊब आली. इतकी अचानक, की बोटं दुखली.

तो उतरला. गाडीला वळसा घालून त्याने मागचं डावं दार उघडलं आणि धरून उभा राहिला, अगदी दादा उभा राहायचा तसा, एक हात दारावर, एक हात वर चौकटीला लावून, कुणाच्या डोक्याला लागू नये म्हणून. आत पाहिलं नाही. समोरच्या बर्फाकडे पाहत राहिला.

"चला," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "चला... आलं घर."

आधी काहीच झालं नाही. मग गाडी मागून किंचित वर आली. कुणी सावकाश, आधार घेत उतरावं, तशी स्प्रिंग सुटत गेली. त्याच्या चौकटीवरच्या हाताखालून गार हवेची एक झुळूक गेली. बर्फावर पाऊल उमटलं नाही. फाटक हललं नाही. बऱ्याच वेळाने त्याने दार लावलं.

परतताना गाडीत नुसती ऊब होती, आणि त्या उबेत तो पहिल्यांदा मनसोक्त रडला. दादाच्या मातीच्या वेळीही रडला नव्हता. तिथे कुणाकुणाशी भांडत होता. आता वाकड्या तोंडाने, नाक शर्टाच्या बाहीला पुसत, घाट चढत राहिला. दादा असता तर म्हणाला असता, येड्या, रडायचं तर गाडी थांबवून रड.

कठड्याजवळ आला. पट्टीचं टोक फडफडत होतं. तिथे गाडी पुढून, डाव्या बाजूला, थोडीशी खचली.

टक्.

शेजारच्या सीटची जाळी सुरू झाली. त्याने श्वास रोखला आणि आपली हवा बंद होण्याची वाट पाहिली. ती बंद झाली नाही. दोन्ही जाळ्या चालू राहिल्या. मान वळवायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने फक्त वास घेतला. पेपरमिंटचा वास यायला हवा होता. आला तो ओल्या लोकरीचा. त्याने स्वतःला सांगितलं, दादाचे दोन्ही स्वेटर लोकरीचेच होते, त्या दिवशी ओलेच असणार. हे तो घरापर्यंत स्वतःला सांगत राहिला. वेग एकदाही वाढवला नाही. वळणांवर गाडी हलू दिली नाही.

अंगणात गाडी लावल्यावर तो उतरला आणि शेजारचं दार उघडून धरलं.

"दादा, आलं घर," तो हळूच म्हणाला.

गाडी वर आली नाही. दार धरून त्याचा हात अवघडला. स्वयंपाकघरात वहिनी भांडी कागदात गुंडाळत होती. ठकी कशावरून तरी तिच्याशी हुज्जत घालत होती. ते आवाज अंगणापर्यंत येत होते. धाकट्याने ते ऐकले, दारात रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं, आणि कदाचित घर आता हे राहिलं नाही असं त्याला वाटलं. वहिनीने स्क्रीनवर काही पाहू नये म्हणून त्याने या सीटखालची वायरही उपटली आणि पहिलीच्या सोबत खिशात टाकली. वहिनीने विचारलं तेव्हा म्हणाला, झाला दुरुस्त, घाटापर्यंत नेऊन बघितला. ते खोटं नव्हतं.

सकाळी सामान भरलं. वहिनीने दादाचंच जाड जॅकेट घातलं होतं, बाह्या दुमडून. धाकटा म्हणाला, मी येतो सोडायला. वहिनी म्हणाली, मग परत कसे याल, आणि मला रोज कोण सोडणार? तिच्या बोलण्यात राग नव्हता. ठकी मागे उजव्या बाजूला बसली आणि बसताच काचेवर तोंड लावून वाफेत नाक काढू लागली. धाकट्याने मागची डावी काच पुन्हा एकदा पाहिली. स्वच्छ होती.

वहिनी कपड्यांची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवायला निघाली. त्याने ती मधेच घेतली.

"इथं नको. मागं ठेवतो."

"रिकामी तर आहे."

"असू दे," तो म्हणाला. पिशवी मागे ठेवली, आणि शेजारची सीट थोडी मागे सरकवली, लांब पायांच्या माणसाला बसता यावं एवढी. मग वाकून वहिनीच्या जाळीसमोर हात धरला. गरम. अगदी व्यवस्थित गरम. शेजारच्या जाळीसमोर धरला. तीही गरम. तेव्हा त्याला जरा धीर आला. दादा असेल तर वहिनीला गारठू देणार नाही. दादाच असेल.

वहिनीने गाडी सुरू केली. घंटी वाजायला लागली. शेजारचा पट्टा लावलेला नाही म्हणून वाजते ती, बारीक, थांबत थांबत.

"आता हे काय, भावजी? तिथं तर कुणी नाही."

खिशातल्या दोन वायरींवर त्याची बोटं गेली. "सेन्सर आहे," तो म्हणाला. "होतं असं. बरं होईल आपोआप."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. मग समोरच्या काचेकडे बघत राहिली, आणि बघता बघता दादाच्या जॅकेटची कॉलर तिने गळ्याशी ओढून घेतली.

धाकटा आत वाकला. शेजारच्या सीटचा पट्टा ओढला, रिकाम्या जागेवरून आडवा घेतला आणि खटकन लावला. घंटी थांबली. त्याने हात काढला. सैल पट्टा सीटच्या पाठीला चिकटायला हवा होता. तो चिकटला नाही. वीतभर पुढेच ताणलेला राहिला, छातीवरून गेल्यासारखा. आणि हलकासा पुढे आला, मागे गेला.

दादाची छाती एवढी भरदार होती का, हे त्याला नीट आठवेना.

त्याने दोन बोटं पट्ट्याखाली घातली, कुणाला काचू नये एवढा तो सैल केला, आणि दार अलगद लावलं.